अधू नजरेचा डोळस माणूस : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

तुमच्यापैकी निदान चार-पाच जणांच्या घरी भिंतीवर एक सर्टिफिकेट नक्की लटकलेलं असेल. ताई गाण्याच्या नाहीतर कथकच्या परीक्षेला बसली, पास झाली आणि बाबांनी लगेच फ्रेम करून आणली. त्यावर संस्थेचं नाव असतं – अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद... आपल्या सेमिस्टरसारख्याच चढत्या पायऱ्या! फक्त एटीकेटीची चर्चा जरा कमी.

ही गाण्याची 'परीक्षा' नावाची भानगड ज्यांच्यामुळे घराघरात पोचली, ते म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना बीथोवनला ऐकू येत नव्हतं हे पाचवीपासून पाठ असतं. लुई ब्रेलचा धडाही असतो. पण आपल्याच महाराष्ट्रात एका मुलाची नजर फटाक्याने अधू झाली आणि त्याने सगळ्या देशाला गाणं 'वाचायला' शिकवलं, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख. गाण्याबद्दल आहेच, पण तितकाच डोळ्यांबद्दलही आहे. आपण ज्या वर्कशॉपमध्ये गॉगल खिशात ठेवून ग्राइंडिंग करतो, त्या वर्कशॉपबद्दलही आहे.

कुरुंदवाडचा मुलगा

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात येते. तेव्हा ते पटवर्धन घराण्याचे छोटेसे संस्थान होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावचे म्हणून पलुस्कर. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. कीर्तन म्हणजे नुसतं देवाचं नाव घेणं नव्हे. त्यात गोष्ट, विनोद, अभिनय आणि गाणं सगळंच असतं. घरातच असा रोजचा क्लास चालू असल्यावर मुलाच्या कानावर सूर पडणारच. वडिलांबरोबर फिरायचे, ऐकायचे, मागे उभे राहून साथ करायची, असे त्याचे लहानपण चालले होते. शाळाही सुरू होती. सगळं सुरळीत राहिलं असतं तर तो कदाचित इंग्रजी शिकून संस्थानात कारकून झाला असता आणि आज आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

कुरुंदवाडपासून जवळच नृसिंहवाडी आहे. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचे हे दत्ताचे क्षेत्र. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे दत्तजयंतीचा मोठा उत्सव असतो. अशाच एका दत्तजयंतीच्या उत्सवात विष्णूच्या चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात लगेच उपचार मिळण्यासारखी सोय नव्हती. जी नजर गेली ती पूर्ववत कधीच झाली नाही. शाळा सुटली.

एक क्षणाचा आवाज, आणि पुस्तकाचं पान कायमचं धूसर!

त्या डोळ्यात काय होत असेल?

इथे जरा थांबू या, कारण आपण इंजिनिअर आहोत आणि 'डोळे गेले' एवढ्यावर आपलं समाधान होऊ नये.

डोळा हे एक छोटंसं हायड्रॉलिक यंत्र आहे. त्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो. मिनिटाला जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर. तो बुबुळामागून पुढे येतो आणि पारदर्शक पडदा व बुबुळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतो. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, म्हणून दाब कायम राहतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. इनलेट चालूच आणि आउटलेट तुंबलं तर काय होईल, हे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये कसेबसे चाळीस मार्क मिळवणाराही सांगू शकेल. दाब वाढतो. वाढलेला दाब सर्वांत जास्त कुठे जाणवतो? डोळ्याच्या मागच्या बाजूला, जिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. ही एक केबलच समजा. दाबाने एकेक तंतू मरत जातो आणि मेलेला तंतू परत उगवत नाही. याच आजाराला आपण काचबिंदू म्हणतो, डॉक्टर लोक ग्लॉकोमा म्हणतात.

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन शब्दांत लोक फार गोंधळ करतात. मोतीबिंदूत डोळ्यातली भिंग गढूळ होते. ती काढून नवी बसवली की माणूस दुसऱ्या दिवशी पेपर वाचतो. काचबिंदूत केबलच जळते. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली वाचवता येते, एवढंच. आणि मोठी अडचण अशी की बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचं स्वच्छ दिसत असतं, आणि कडेच्या रिकाम्या जागा मेंदू स्वतःच भरून काढतो. एक डोळा कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो. माणसाला कळतं तेव्हा बरंच काही गेलेलं असतं.

आता फटाक्याचा आणि याचा संबंध. जोरात मार बसला की डोळ्यात आत रक्त साठू शकतं आणि ती कोपऱ्यातली जाळी तुंबते किंवा फाटते. कधी दाब लगेच वाढतो. कधी डोळा वरून बरा दिसतो, माणूस विसरून जातो, आणि काही महिन्यांनी किंवा चक्क दहा-वीस वर्षांनी त्याच डोळ्यात काचबिंदू सुरू होतो. म्हणजे क्रिकेटचा बॉल नववीत लागला आणि त्याचं बिल चाळिशीत आलं, असंही घडतं! विष्णूच्या डोळ्यांना आजच्या डॉक्टरांनी कोणतं नाव दिलं असतं हा प्रश्न बाजूला ठेवू. पण डोळ्याला मार लागलेल्या प्रत्येकाने पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्यायला हवा, हा धडा त्या दत्तजयंतीच्या फटाक्यातून आपण घेऊ शकतो.

त्या काळी डोळ्यांचं शास्त्र कुठे होतं तेही बघा. डोळ्याच्या आत डोकावून पाहायचं यंत्र हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये बनवलं. हो, तोच आपला ऊर्जा-अक्षय्यतेवाला हेल्महोल्ट्झ! काचबिंदूवरचं पहिलं उपयोगी ऑपरेशन बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने १८५७ मध्ये जाहीर केलं. डोळा बधिर करून ऑपरेशन करता येतं हे तर १८८४ मध्ये कळलं. हे सगळं युरोपात. कृष्णाकाठच्या खेड्यात यातलं काही पोचलेलं नव्हतं. मिरजेचं मोठं मिशन हॉस्पिटलसुद्धा १८९४ चं.

डॉक्टरांचं औषध : गाणं

उपचारासाठी विष्णूला मिरजेला नेलं. मिरज हेही पटवर्धनांचंच संस्थान. तिथे भडभडे नावाच्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. डोळे काही पूर्ववत झाले नाहीत, पण या डॉक्टरांनी मुलाचा गळा ओळखला आणि त्याला गाणं शिकवा असं सुचवलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. मला या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटतो. नजर गेलेल्या माणसाला पुढे काय करायचं हे सांगणं हाही उपचारच आहे, आणि तो फी घेऊनही बरेचदा मिळत नाही.

मिरजेत तेव्हा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे हे मोठे गवई. विष्णू त्यांचा शिष्य झाला आणि सुमारे बारा वर्षं त्यांच्याकडे शिकला. बारा वर्षं म्हणजे आपल्या तीन डिग्र्या! गुरुकुलाची पद्धत अशी की गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरू गातील ते ऐकून पाठ करायचं. वही नाही, पुस्तक नाही. एक चीज मिळायला महिनेच्या महिने लागत. सगळा कारभार कानावर आणि स्मरणशक्तीवर. अधू नजरेच्या मुलाला एका अर्थी ही पद्धत सोयीची होती. शाळेने ज्याला बाहेर काढलं त्याला इथे कुणाहून कमी ठरायचं कारण नव्हतं.

पण याच पद्धतीतला दोषही त्याला दिसला. गुरूची मर्जी नसेल तर विद्या मिळायची नाही. गुरू गेला तर विद्याही त्याच्याबरोबर जायची. बॅकअप नावाचा प्रकारच नाही!

दुसरी गोष्ट त्याला जास्त लागली. मिरजेत एका समारंभाला त्याला स्वतःला मानाने बोलावणं आलं, पण त्याच्या गुरूंना आलं नाही. कारण काय, तर ते गवई. संस्थानिकाच्या मर्जीतला होतकरू मुलगा चालतो, पण गाणाऱ्याला प्रतिष्ठितांच्या रांगेत जागा नाही. त्या दिवसापासून गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा हे त्याने मनावर घेतलं, असं सांगतात. १८९६ मध्ये चोविसाव्या वर्षी त्यांनी मिरज सोडली. आता त्यांना 'अहो-जाहो' म्हटलं पाहिजे, कारण इथून पुढे ते पंडितजी आहेत.

तिकीट काढून गाणं

मिरजेहून निघून ते सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे फिरत गेले. नजर अधू, रेल्वे नवी, खिसा रिकामा. दरबारात गाऊन बिदागी घेणं हा सोपा मार्ग होता. त्यांनी वेगळंच केलं. सौराष्ट्रात असताना त्यांनी लोकांसाठी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज आपल्याला यात काहीच वाटत नाही. गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रालाही आपण पास मागतो. पण तेव्हा अभिजात गाणं एक तर राजाच्या दिवाणखान्यात व्हायचं नाहीतर कोठीवर. साध्या माणसाने साधे पैसे देऊन, बायका-पोरांना घेऊन, समोर बसून ख्याल ऐकायचा, ही कल्पनाच नवी होती. राजाने गवयाला पोसायचं याऐवजी ऐकणाऱ्यांनी गाण्याला पोसायचं, असा हा बदल होता.

फिरत फिरत ते पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुण्या महाराजाच्या खजिन्यावर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफिलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा. वेळापत्रक, वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि शेवटी पदवी. मुलींनाही शिकवायची सोय. शिवाय 'उपदेशक वर्ग' नावाचा एक खास वर्ग होता. त्यातली मुलं वर्षानुवर्षं पंडितजींजवळ राहायची, त्यांचा खर्च संस्थाच करायची, आणि शिकून झाल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन गाणं शिकवायचं अशी अट असायची. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग विथ बॉन्ड!

एक कोल्हापूरकडचा, कमी दिसणारा मराठी माणूस लाहोरमध्ये जाऊन संस्था उभी करतो, हे मला फार भारी वाटतं. आपण नागपूर सोडून पुण्याला प्लेसमेंट मिळाली तरी आईला रोज फोन करतो.

गाण्याचं ड्रॉइंग

आता मला सर्वांत आवडलेला भाग.

शंभर मुलांना वर्गात बसवून गाणं शिकवायचं तर ते कागदावर उतरवता यायला पाहिजे. इंजिनिअरिंग ड्रॉइंगशिवाय कारखाना चालेल का? तसंच. म्हणून पंडितजींनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली. त्याच काळात मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचीही एक पद्धत तयार होत होती. दोघेही विष्णू, दोघेही हट्टी, आणि दोघांची चिन्हं वेगळी! भातखंडे पद्धत लिहायला सुटसुटीत आहे. खालच्या सप्तकाला स्वराखाली टिंब, वरच्याला स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत खालच्या सप्तकाला टिंब वर येतं आणि वरच्या सप्तकाला उभी रेघ. समेला १ चा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह. पण तिची खरी ताकद वेळेच्या मापात आहे. स्वर पूर्ण मात्रेचा की अर्ध्या, पाव मात्रेचा की त्याहून लहान, यासाठी तिच्यात वेगवेगळी चिन्हं आहेत. म्हणजे टॉलरन्ससकट ड्रॉइंग! वापरायला किचकट म्हणून पुढे भातखंडे पद्धत जास्त पसरली, पण बारकाव्याच्या बाबतीत पलुस्कर पद्धतीचं नाव आजही घेतात.

यातली गंमत लक्षात येतेय का? ज्या मुलाची शाळा पुस्तक दिसत नाही म्हणून सुटली, त्यानेच केवळ कानावर चालणारी विद्या डोळ्यांनी वाचता येईल अशी करून ठेवली. संगीताची पन्नासहून जास्त पुस्तकं त्यांनी प्रसिद्ध केली. छापखाना चालवला, मासिक काढलं.

इथे पुन्हा लुई ब्रेल आठवतो. १८१२ मध्ये तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातली आरी डोळ्यात घुसली, मग दुसरा डोळाही गेला. पुढे त्याने सहा टिंबांची लिपी केली आणि तीच टिंबं वापरून स्वर लिहायची पद्धतही केली, कारण तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. एक फ्रान्सचा, एक कुरुंदवाडचा. दोघांचे डोळे लहानपणी अपघाताने गेले आणि दोघांनी पुढच्यांसाठी लिपी ठेवली.

कर्ज, लिलाव आणि नाशिक

१९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. काम वाढलं तशी सँडहर्स्ट रोडला स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, पण कर्ज काढून. मैफिली करून हप्ते फेडायचे असं चाललं होतं. एक माणूस किती गाणार? १९२४ च्या सुमारास कर्ज फिटलं नाही म्हणून इमारतीचा लिलाव झाला. आयुष्यभराचं काम हातोड्याच्या तीन ठोक्यांत गेलं.

दरम्यान १९२२ मध्ये त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम सुरू केला होता. शेवटच्या वर्षांत मन बरंचसं भक्तीकडे वळलं. गांधीजींच्या प्रार्थनेत आणि दांडी यात्रेत जी रामधून देशभर पसरली, तिची चाल त्यांचीच मानली जाते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली तेव्हाही ते थांबले नाहीत, गाणं पूर्ण करूनच खाली बसले. यातल्या राजकारणावर आजही वाद होतात. आपण एवढंच बघू की हा माणूस अध्यक्षांनी सांगितल्यानेही गाणं अर्धवट सोडत नव्हता.

घरची बाजू फार दुःखाची होती. बारा मुलांपैकी एकच जगला – दत्तात्रेय, जन्म १९२१. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पंडितजींच्याच शिष्यांनी त्याला शिकवलं आणि तो डी. व्ही. पलुस्कर म्हणून मोठा गायक झाला. 'बैजू बावरा' (१९५२) मधली उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी ऐकली नसेल तर आजच ऐका. तोही १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजींचे निधन झाले. ज्या गावात नजर शोधायला आले होते आणि सूर घेऊन निघाले होते, तेच गाव. वय ५९. इमारत गेली होती, पण माणसं उभी राहिली होती – ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्या ताईचं सर्टिफिकेट तिथून येतं. १९७३ मध्ये भारत सरकारने पंडितजींचं तिकीट काढलं. ते मात्र पोस्टाचं!

आपल्या नागझिऱ्याच्या कडेला

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल की डोळे गेले म्हणून बिघडलं काय, उलट माणूस मोठा झाला. नाही हो! हा सर्वांत चुकीचा निष्कर्ष. पंडितजी मोठे झाले ते डोळे गेल्यामुळे नाही, गेल्यावरही. त्यांच्यासारखी इजा झालेली शेकडो मुलं त्या काळात असतील, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

असे लोक बघायला लाहोरला जायला नको. गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलाला लागून जी गावं आहेत, तिथे एनएसएसच्या शिबिरात आम्ही सात दिवस होतो. वाघ बघायची इच्छा होती, वाघ काही दिसला नाही. गाईड मात्र गाडी थांबवून नुसतं ऐकायचा. वानराचा एक खोकल्यासारखा आवाज, आणि वाघ कुठल्या बाजूला आहे ते तो सांगायचा. कान किती तयार होऊ शकतो हे तिथे कळलं. आणि गावात सर्व्हे करताना डोळ्यांचं कळलं. एका आजोबांच्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. विचारलं तर म्हणाले की धान चुरताना तूस गेलं होतं. खूप दिवस घरचंच काहीतरी घातलं, मग दुकानातून थेंब आणले, मग राहिलं तसंच. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि विषय बदलला. त्यांच्या दृष्टीने ही काही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती.

आपला भाग धानाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत पात्याचं टोक किंवा तूस डोळ्याला लागणं ही रोजची गोष्ट. पण त्या इवल्याशा जखमेतून बुरशी शिरते आणि डोळा आतून सडू शकतो. अशा वेळी दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब घातले तर लाली कमी होते, बरं वाटतं, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय हेच थेंब महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो. ॲलर्जीची खाज येते म्हणून जुनी बाटली पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या आपल्या होस्टेलवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

दुसरी आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खर्ऱ्याचा चुना. चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान मुलाच्या हातात येते, तो दाबतो आणि चुना थेट डोळ्यात. चुना हा जबर अल्कली आहे, डोळा आतपर्यंत जाळत जातो. इथे एकच उपाय – त्याच क्षणी स्वच्छ पाणी, पंधरा-वीस मिनिटं सतत, पापण्या उघड्या धरून, आणि मग दवाखाना. आधी दवाखाना आणि मग पाणी असं नाही.

फटाक्याचं किंवा काही घुसल्याचं मात्र उलट आहे. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, आत रुतलेलं ओढायचं नाही, तूप-मध-दूध-थेंब काहीही घालायचं नाही. कागदी कपाचं बूड डोळ्यावर अलगद झाकण म्हणून ठेवायचं आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७६ पासून चालू आहे. विष्णूला कुरुंदवाडात जी सोय नव्हती ती आपल्याला आहे.

वर्कशॉपमधल्या दोस्तांसाठी

गॉगल डोळ्यावर घालायचा असतो, कपाळावर नाही. ग्राइंडिंगची एक ठिणगी, लेथची एक चीप पुरेशी आहे. वेल्डिंग एक सेकंदच बघतो म्हणणाऱ्यांना रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, हे ज्यांना झालंय त्यांना विचारा.

काचबिंदूची तपासणी फार अवघड नसते. दाब मोजायच्या यंत्राचं तत्त्व आपल्याला अकरावीपासून माहीत आहे – दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ३.०६ मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती बल लागतं ते मोजायचं, झालं! त्याशिवाय नसेचं टोक बघतात आणि कडेच्या नजरेची चाचणी घेतात. चाळिशीनंतर प्रत्येकाने, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, डोळ्याला मार लागला असेल, मायनस नंबर जास्त असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर त्याआधीच तपासून घ्यावं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, डोळा खूप दुखून लाल होणं, सोबत उलट्या, असं एकदम झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि थेंब सुरू केले तर बरं वाटतंय म्हणून बंद करायचे नाहीत. ते नजर वाढवायला नसतात, उरलेली राखायला असतात.

आपल्या देशात एक कोटीहून जास्त लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. त्यातले एक तुमचे बाबा असू शकतात, एक माझी आजी. या सुट्टीत घरी जाल तेव्हा मोबाईलचा रिचार्ज मागायच्या आधी एवढं विचारा की डोळ्याचा दाब शेवटचा कधी मोजला. उत्तर 'कधीच नाही' असं आलं तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन जा. विशारद व्हायला कितीतरी वर्षं लागतात, याला एक सकाळ पुरते.